जनकोजीकाकांच्या ट्रॅक्टरची लिफ्ट

आधीच सांगून टाकते, हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर अमावस्येची रात्र घेतली असती, एखादी विहीर घेतली असती, दोन-चार कुत्री रडवली असती.

इथे त्यातलं काहीच नाही.

संध्याकाळ होती. चांगला लख्ख उजेड होता. पलीकडच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या, पूजेचे केळीचे खुंट बांधलेल्या बसेस जात होत्या.

आणि माझा नवरा दोनशे किलो लोखंडाखाली पडला होता.

ते लोखंड कशानेच धरलेलं नव्हतं...

हसणारे हसू देत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. मी अदिती. मूळची कऱ्हाडजवळची, आता चेन्नईच्या बाहेर इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडरच्या टेस्टिंगला आहे. वजन उचलायचं, वर धरून ठेवायचं, हळूच खाली सोडायचं, हेच माझं रोजचं काम. कुठलं वजन कशाच्या जोरावर वर राहतं, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर त्या दिवसाचा विचार केला की डोकं बंद पडतं.

गेल्या वर्षीची आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात, तीच. जागा श्रीपेरुंबुदूरच्या थोडं अलीकडे, कारखान्यांच्या मागे राहिलेला शेतीचा एक तुकडा. मालक जनकोजीराव. आम्ही त्यांना काका म्हणतो.

काकांची ओळख झाली तीच आमच्या भांडणातून. पूनमल्लीच्या बाजारात मी आणि अनय, म्हणजे माझा नवरा, भर रस्त्यात कचाकचा भांडत होतो. मागून आवाज आला, "भांडा, भांडा, सोडू नका. मराठीत भांडण कानी पडून किती वर्षं झाली!" वळून बघितलं तर धोतरासारखी पांढरी वेष्टी, कपाळावर गंध, हातात भाजीची पिशवी. तंजावरचे मराठी. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं. स्वतः चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांची मराठी जुनी, ठसठशीत, आणि मध्येच तमिळकडे वळणारी. ऐकत बसावंसं वाटायचं.

त्यांच्या शेतावर होता तो ट्रॅक्टर. छोटा, करडा, माझ्या जन्माच्याही आधीचा.

अनय आयटीवाला. दिवसभर कोड लिहितो, पण जीव सगळा जुन्या इंजिनांत. घरातला नळ गळतोय म्हटलं तर ऐकू येत नाही. तो ट्रॅक्टर दिसला आणि स्वारी पाघळलीच. दर रविवारी शेतावर. काकाही खूश होते. एकटे राहत होते, त्यांना सोबत झाली.

फक्त एक अट होती.

"इंजिन कर, ब्रेक कर, रंग पण लाव," काका म्हणाले होते. "लिफ्टला हात लावू नको."

ज्यांना ट्रॅक्टर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन लोखंडी आर्म असतात आणि वर मध्ये एक टॉपलिंक. या तीन ठिकाणी नांगर, कल्टिव्हेटर, जे काय अवजार असेल ते पिना घालून जोडायचं. सीटजवळचा लिव्हर ओढला की इंजिनवर चालणारा पंप तेल दाबतो आणि अवजार उचललं जातं. लिव्हर खाली केला की तेल परत जातं आणि अवजार आपल्याच वजनाने खाली येतं. तीच लिफ्ट.

काकांनी लिफ्टचं तेल काढून टाकलं होतं. लिव्हर काढून ठेवला होता. दोन्ही आर्म तारेने आवळून बांधले होते.

"पण का काका?" मी विचारलं होतं.

"वेंडाम, मा. नको म्हणजे नको."

विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला. आमच्या शहाण्याच्या डोक्यात तो किडा वळवळत राहिला. मध्ये काका पंधरा दिवस मुलीकडे, हरिणीकडे, तंजावरला गेले होते. तेवढ्यात या पठ्ठ्याने सगळे सील बदलले, तेल भरलं, लिव्हर बसवून पाहिला आणि काढून ठेवला, आर्मची तारही वरून होती तशी गुंडाळली. काकांना पत्ता नाही. मलाही नाही. मला त्याने सांगितलं ते थेट आयुधपूजेच्या संध्याकाळी, शेतावर, तेही हळूच कानात, डोळे मिचकावत.

"काकांना सरप्राइज!"

माझं डोकंच फिरलं. पण काका शेजारीच उभे होते, म्हणून गप्प बसले.

पूजा सुंदर झाली होती. ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा होता. चंदनाचे पट्टे, कुंकू, चाकांखाली लिंबं. कल्टिव्हेटर शेडच्या मागे जमिनीवर टेकवून ठेवला होता. काकांनी वाकून त्याच्या एकेका फाळाला कुंकू लावलं. त्याच्या लोखंडी चौकटीवर झेंडूचा लांब हार घातला.

"आज हत्यारांनी झोपायचं," काका म्हणाले. "उद्या सकाळी पूजा करून उठवायचं. तोवर हात लावायचा नाही."

आमच्याकडेही तसंच. माझे वडील खंडेनवमीला साधा पानासुद्धा उचलू द्यायचे नाहीत.

मग काका कोपऱ्यावरच्या दुकानात कोहळा आणायला गेले. दृष्ट काढून फोडायला. चालतच गेले.

ते फाटकाबाहेर पडले आणि अनय आर्मची तार सोडून, लिव्हर अडकवून टुणकन सीटवर चढला.

"चल, पटकन जोडू. काका येईपर्यंत उचलून दाखवू. काय खूश होतील बघ!"

"अनय, आज नाही. ऐकलंस ना ते काय म्हणाले?"

"उद्या मला सकाळपासून कॉल आहेत. दोन मिनिटांचं काम आहे गं. तू फक्त बाजूला उभी राहून सांग."

इंजिन सुरूही झालं होतं. चाकाखालचं एक लिंबू फुटलेलं मी बघितलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

मी बाजूला उभी राहिले. मागे येणारा ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. अनय मान वळवून मागे येत होता. इंजिनाचा धडधडाट चालला होता. अजून बरंच अंतर आहे, जवळ आला की सांगू, म्हणून मी काही बोलले नव्हते.

ट्रॅक्टर बरोबर जागेवर थांबला.

दोन्ही आर्म कल्टिव्हेटरच्या खुंट्यांसमोर. एका रेषेत. बोटभरही इकडेतिकडे नाही.

"वा! काय परफेक्ट सांगितलंस 'बस' म्हणून!" अनय ओरडला.

मी त्याच्याकडे बघत राहिले.

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं...

म्हटलं, इंजिनाच्या आवाजात त्याला भास झाला असेल. जाऊ दे. त्याने खाली उतरून डावा आर्म खुंटीवर चढवला. सहज गेला. उजव्याशी नेहमी झटापट होते. अवजार जरा तिरकं असलं की तो बसतच नाही, पहारीने अवजार हलवावं लागतं, बोटं सोलून निघतात. तोही गेला. मी दोन्हीकडच्या पिना घातल्या. मग वरची टॉपलिंक. तिची पिन मी शोधायला लागले.

"कुठे ठेवलीस?" मी विचारलं.

"कुठे काय? तूच तर घातलीस."

मी बघितलं. टॉपलिंक जोडलेली होती. पिन आरपार गेलेली. वरची क्लिपही लावलेली.

"मी नाही घातली."

"मग मी घातली असेन. चल, हो बाजूला."

मी ती क्लिप बोटाने ओढून बघितली. पक्की बसली होती. पण माणूस असाच असतो. समोर दिसत असून मनाला समजावतो. मीही समजावलं.

अनयने लिव्हर ओढला. कल्टिव्हेटर थरथरला, आणि हाराफुलांसकट सरळ वर आला. गुडघ्याच्या वर गेला आणि थांबला. खरं सांगते, त्याचं काम चोख होतं. तेलाचा एक थेंब कुठे गळत नव्हता. अनय सीटवर बसून टाळ्या वाजवत होता.

"आता खाली टेकव," मी म्हटलं. "झालं ना तुझं? टेकव आणि काढून ठेव."

त्याने इंजिन बंद केलं. लिव्हर खाली केला.

कल्टिव्हेटर खाली आला नाही.

त्याने लिव्हर वर केला, पुन्हा खाली केला.

नाही.

"व्हॉल्व्ह अडकला वाटतं," अनय म्हणाला.

होऊ शकतं. जुनी मशीन आहे, होतं असं. मी पुढे झाले आणि आर्मला वर उचलून धरणारा लिफ्टरॉड चाचपला. तेल आत अडकून अवजार वर राहिलं असेल तर सगळं वजन या रॉडवर लटकलेलं असतं. तो असा ताठ असतो की दोन्ही हातांनी हलत नाही.

मी हात लावला...

रॉड खुळखुळला.

दुसरा बघितला. तोही ढिला. टॉपलिंकसुद्धा पिनेत नुसती डुलत होती.

म्हणजे कल्टिव्हेटर ट्रॅक्टरला लटकलेला नव्हताच. तो नुसता वर होता.

"अनय, उतर," मी म्हटलं. "त्या बाजूने उतर आणि लांब जा. जवळ जाऊ नकोस. मी खाली लावायला ठोकळा आणते. ऐकतोयस ना? हातसुद्धा लावायचा नाही."

"बरं बरं."

मी धावत शेडमध्ये शिरले. ताडाच्या लाकडाचे ठोकळे कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे होते. पोती ओढायला लागले आणि एकदम जाणवलं...

आवाज नाहीत.

बसचा हॉर्न नाही. कावळे नाहीत. दुपारी पाऊस पडून गेला होता, पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, तेही थांबलेलं. कारखान्यांची घरघर तिथे चोवीस तास असते, तीही नाही.

फक्त बाहेरून अनयचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मध्येच थांबत होता, मग बोलत होता. कुणी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, तसं.

मला वाटलं, काका आले. ठोकळा उचलून मी बाहेर आले.

काका आले नव्हते.

आणि अनयचे फक्त पाय दिसत होते.

तो कल्टिव्हेटरखाली उताणा पडला होता. कमरेपर्यंत आत. फाळांची टोकं त्याच्या छातीच्या वर, वीतभर अंतरावर.

"अनय!"

"अगं, हाराची दोरी आर्मच्या सांध्यात गुंतलीय. त्यानेच अडकलंय सगळं. सोडवतो." त्याचा आवाज अगदी मजेत होता. मग जरा थांबून वैतागून म्हणाला, "नाही गं आलो अजून! थांब ना जरा!"

मी काही विचारलंच नव्हतं.

"कोणाशी बोलतोयस तू?"

"तुझ्याशी. आणि आज हे 'आलात का, आलात का' काय लावलंयस? माझ्या आईसमोर कधी अहो-जाहो केलं नाहीस, आणि इथे शेतात मान देतेयस!"

माझ्या हातातला ठोकळा गळून पडला.

तेव्हाच माझी नजर जमिनीवर गेली. कल्टिव्हेटरच्या टोकाशी, पावसाने भिजलेल्या तांबड्या मातीत, दोन खोलगट ठसे होते. पावलांचे. अनवाणी. टाचा रुतलेल्या.

तिथे कुणीही उभं नव्हतं.

आणि माझ्या डोळ्यांदेखत ते ठसे आणखी खोल जात होते...

पाय उचलेनात. दोन पावलांवर माझा नवरा, आणि मी खांबासारखी उभी. त्या क्षणाची मला आजही चीड येते.

फाटकाशी काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. काकांच्या हातून कोहळा पडला होता. या वयात तो माणूस कसा धावला, देव जाणे. माझ्याजवळ आले, एकदा कल्टिव्हेटरकडे बघितलं, एकदा त्या ठशांकडे. ओरडले नाहीत. माझं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"त्याला बोलू नको म्हणून सांग. काही विचारलं तरी हो म्हणायचं नाही. एक अक्षर नाही."

"अनय," मी म्हटलं. "गप्प राहा. कुणी काही विचारलं तरी बोलू नकोस. हलू नकोस. आम्ही ओढतोय तुला."

"अगं, पण झालंच आहे..."

"गप्प बस म्हटलं ना!"

मी एक पाय धरला, काकांनी दुसरा. ओढलं. तो सरकला. पोट बाहेर आलं, छाती आली... आणि अडकला. शर्टाची कॉलर एका फाळात गुंतली होती. मान आणि डोकं अजून खालीच.

कल्टिव्हेटर थरथरला.

बोटभर खाली आला.

पुन्हा थांबला. चौकट बारीक हलत होती. जड हंडा बराच वेळ धरून ठेवला की हात कसे कापतात, तशी.

अनयलाही आता कळलं होतं. त्याचे पाय ताठ झाले होते. मी देवाचं नाव घेत होते की त्याचं, मला आठवत नाही.

काकांनी मान वर केली. मोकळ्या जागेकडे बघितलं. आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलले,

"वहिनी, जरा धरा. अजून आले नाहीत. जरासं धरा, वहिनी."

थरथर थांबली.

मी कॉलरमध्ये हात घातला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. शर्ट टरकला. अनयचं डोकं बाहेर आलं. काकांनी त्याला मागे खेचलं आणि आम्ही तिघेही मातीत पडलो.



अनयने मान उचलून वर बघितलं...

आणि कल्टिव्हेटर धाडकन खाली आला. जमीन हादरली. सगळे फाळ मातीत रुतले. ज्या जागी त्याचा गळा होता, तिथे एक फाळ पूर्ण आत गेला होता.

पाठोपाठ बसचा हॉर्न ऐकू आला. मग कावळे. पत्र्यावरून पाणी पुन्हा ठिबकायला लागलं.

मी अनयला आधी मिठी मारली आणि मग पाठीत दोन धपाटे घातले. रडतही होते. त्याची मान आणि केस ओलेचिंब होते. तो ज्या मातीवर पडला होता ती नुसती दमट होती. "वरून थेंब पडत होते," तो म्हणाला. "कोमट होते."

काकांनी आम्हाला घराच्या ओट्यावर बसवलं. अनयपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. अनय माफी मागायला लागला, तर त्यांनी हात हलवून थांबवलं.

"सांगायला हवं होतं मी. नको नको म्हटलं, कां ते सांगितलं नाही. तोंडातून निघत नाही रे ते."

मग सांगितलं.

ट्रॅक्टर त्यांच्या थोरल्या भावाचा. मानाजी. "चालवायचा अण्णा, पण जोडणी सईबाईवहिनीची. ती मागे उभी राहून 'येऊ द्या, येऊ द्या, बस' म्हणायची आणि अण्णा डोळे मिटून थांबवायचा. पिन ती घालायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही."

पूजेच्या बाबतीत मानाजी भारी काटेकोर. बाकीचे लोक अवजार टेकवून वरून कुंकू लावतात. त्याला खालूनही प्रत्येक फाळाला चंदन लागलं पाहिजे. म्हणून आयुधपूजेला तो लिफ्ट वर करून, इंजिन बंद करून, चंदनाची वाटी घेऊन खाली शिरायचा. लिफ्ट जुनी, गळकी. त्या वर्षी ती बसायला लागली. हळूहळू. मानाजी खाली, आणि लोखंड उतरतंय.

"वहिनीने पहार घातली चौकटीखाली. दुसरं टोक खांद्यावर घेतलं. कुठून ताकद आली ते त्या कडवुळाला, देवालाच ठाऊक. धरलं तिने. मला हाक मारली. मी पलीकडे मोटरपाशी होतो, पळत निघालो. ती विचारत होती, अहो, आलात का? आलात का?"

त्यांचा हात वेष्टीची कड चुरगाळत होता.

"अण्णाची सवय होती. जेवलात का, हो हो. औषध घेतलं का, हो हो. न ऐकता म्हणायचा. तेव्हा पण म्हणाला. 'हो हो, आलो.' मी माझ्या कानांनी ऐकलं. तिने खांदा काढला."

मानाजी जागीच गेला.

सईबाई त्यानंतर कुणाशी बोलल्या नाहीत. वर्षभरात गेल्या. नंतर काकांनी एक ड्रायव्हर ठेवला होता. तोही एकदा उचललेल्या अवजाराखाली काहीतरी बघायला वाकला आणि किंचाळत पळाला. कुणीतरी बाई कानात विचारते म्हणाला. परत आला नाही. तेव्हापासून लिफ्ट बंद.

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?" मी न राहवून म्हटलं. "आले म्हणून सांगा ना काका. सोडू दे त्यांना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय सांगू, मा? आला नाही तो."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं एक बाई तिथे उभी आहे, खांद्यावर लोखंड घेऊन, आणि तिला खरं सांगायला कुणाची जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी तेल काढून टाकलं. आर्म पुन्हा बांधले, या वेळी साखळीने. अनयने स्वतः मदत केली. आम्ही अजून जातो तिथे. काकांना सोडून कसं चालेल? पण अंधार पडायच्या आत निघतो, आणि शेडच्या मागे मी जात नाही.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, एका बाईने माझा नवरा वाचवला, तिचे उपकार. हात जोडले असते आणि शांत झोपले असते.

पण मला झोप लागत नाही. त्याचं कारण वेगळं आहे.

त्या संध्याकाळी परत येताना गाडी मी चालवत होते. अनय शेजारी, फाटक्या शर्टात, बाहेर बघत. पूनमल्लीच्या अलीकडे एकदम म्हणाला,

"अदिती, मी हो म्हणालो होतो."

"काय?"

"तू शेडमध्ये होतीस तेव्हा. ती सारखी विचारत होती. मला वाटलं तूच आहेस. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा वैताग आला. म्हटलं, हो बाई, आलो."

तो तेव्हा पूर्ण खाली होता. छाती, गळा, डोकं, सगळं.

"मग?"

"मग काहीच नाही. वर कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. मला वाटलं, ठोकळा उचलून तुला दम लागलाय. आणि मग अगदी कानाजवळ बोलली. मला वाटलं, तू टोमणा मारतेयस. म्हणून मी पुन्हा नाही नाही म्हणत राहिलो..."

"काय बोलली?"

अनयने माझ्याकडे बघितलं.

"म्हणाली, 'मागच्या खेपेलाही असंच म्हणालात.'"

मी गाडी कडेला घेतली. किती वेळ आम्ही तिथे बसून होतो कुणास ठाऊक. मागून ट्रक हॉर्न देत जात होते. मी त्याचा हात घट्ट धरला होता.

ती त्याच्याकडे बघून बोलली होती. त्याला ओळखून बोलली होती. आम्ही ओढून बाहेर काढला तो माझा नवरा. पण तिने कुणाला बाहेर आलेलं बघितलं?

आणि तो तिचाच आहे, असं तिला वाटत असेल तर... तिने त्याला माझ्याबरोबर घरी येऊ दिलं, ते कायमचं का?

हल्ली संध्याकाळी अनय दुसऱ्या खोलीत असला आणि बराच वेळ आवाज आला नाही, तर मी हाक मारत नाही; आतून आलेल्या 'हो'वर आता माझा भरवसा नाही. हातातलं काम टाकून उठते आणि जाऊन बघते.